उंदीर आधी मरतो, मग माणूस: सहसंबंध आणि कारण यांतला फरक

मागच्या दोन व्याख्यानांत आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. आज त्याच वाटेने थोडं पुढे जायचं आहे.

प्रश्न साधा आहे. दोन गोष्टी वारंवार एकत्र दिसतात, एवढ्यावरून एकीमुळे दुसरी होते असं म्हणता येतं का? याचं उत्तर आता सगळ्यांना पाठ आहे. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे शाळेतली मुलंही सांगतात. पण तेवढं म्हणून थांबलं तर आपल्या हाती काय लागतं? औषध घ्यायचं की नाही, लस टोचून घ्यायची की नाही, हे तर ठरवावंच लागतं. तेव्हा आज आपण पुढचा प्रश्न विचारू: एकत्र दिसणाऱ्या गोष्टींतून कारण वेगळं काढायचं कसं?

आधी आपल्याच घरातली थोडी सामग्री घेऊ. मराठीत आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा आला आणि ताडाचं फळ पडलं. दोन घटना लागोपाठ घडल्या, संबंध काही नाही. हा झाला योगायोग.

नैयायिक याच्या पुढे गेले. कारण कशाला म्हणायचं? जे कार्याच्या आधी नेमाने असतं, त्याला. पण एवढी व्याख्या पुरत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. मडकं तयार होण्याआधी चाक असतं, दांडा असतं, कुंभार असतो, तसं माती वाहून आणणारं गाढवही असतं. आणि कुंभाराचा बापही असतोच! मग गाढव मडक्याचं कारण मानायचं का? नाही. अशा गोष्टींना त्यांनी नाव दिलं 'अन्यथासिद्ध'. त्या आधी असतात, पण त्यांच्यावाचून कार्याचा उलगडा होतो. म्हणून कारण म्हणजे नेमाने आधी असणारी आणि अन्यथासिद्ध नसणारी गोष्ट.

तिसरी कल्पना 'उपाधी'ची. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीबरोबर धूर दिसतो तो जळण ओलं असेल तेव्हा. हे ओलं जळण म्हणजे उपाधी, मधली लपलेली अट. आजचं संख्याशास्त्र ज्याला गोंधळकारक चल म्हणतं, त्याचा हा जवळचा नातेवाईक. दोन्ही अगदी एकच आहेत असं आम्ही म्हणणार नाही. पण दोन्हींमागची शंका एकच आहे: आपल्याला दिसणाऱ्या जोडीच्या आड तिसरंच काही काम करतंय का?

ही तीन हत्यारं घेऊन आता आपण मुंबईत जाऊ, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी काही रुग्ण तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. मांडवी म्हणजे गोदामांची, धान्याच्या व्यापाराची वस्ती. पुढे साथ शहरभर आणि मग पुण्यासह सगळीकडे पसरली. ती कशी होती, हे मराठी वाचकांना वेगळं सांगायला नको. रँडचा वध आपल्याला ठाऊक आहे, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हेही.

लोकांच्या एक गोष्ट फार लवकर लक्षात आली. ज्या घरात, ज्या गल्लीत उंदीर पडायला लागतात, तिथे काही दिवसांत माणसं आजारी पडतात. उंदीर पडला की घर सोडायचं, हा शहाणपणा गावोगाव रुजला. सहसंबंध पक्का होता, क्रमही पक्का होता: उंदीर आधी, माणूस नंतर.

पण याचा अर्थ काय लावायचा? इथे दोन मतं होती. पहिलं मत असं की जमिनीतून, घाणीतून, कोंदट हवेतून विष येतं. उंदीर जमिनीलगत राहतो, म्हणून त्याला ते आधी बाधतं, माणसाला नंतर. या मतात उंदीर कोण? मडक्याआधी असणारं गाढव! नेमाने पुढे असणारा, पण कारण नसलेला. दुसरं मत असं की रोग उंदराकडूनच माणसाकडे येतो.

नुसतं पाहून या दोघांत निवाडा होत नाही. दोन्ही मतांप्रमाणे उंदीर आधीच मरणार. हजार घरं पाहा, दहा हजार पाहा, आकडे वाढतील, निवाडा होणार नाही. आणि निवाड्यावर पुष्कळ अवलंबून होतं. विष हवेत, जमिनीत असेल तर घरं धुवायची, चुना लावायचा, गटारांत जंतुनाशक ओतायचं, सामान जाळायचं. सरकारने हेच केलं, आणि जबरदस्तीने केलं. विष उंदराकडून येत असेल, तर या सगळ्या खटाटोपाचा बराचसा भाग वाया होता.

मग करायचं काय? पाहणं थांबवून काहीतरी बदलायचं. प्रयोग म्हणतात तो हाच. जगात आपोआप एकत्र येणाऱ्या गोष्टी आपण आपल्या हाताने सुट्या करायच्या.

१८९८ च्या जूनमध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने एक प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. वर, त्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने, जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. काही दिवसांनी वरचा उंदीर प्लेगने मेला. पण हवा तर दोघांची एकच होती! म्हणून सिमाँने दुसरी बाजूही तपासली. अंगावर पिसवा नसलेले आजारी उंदीर निरोगी उंदरांबरोबर ठेवले, तर निरोगी उंदरांना लागण झाली नाही. हवा तीच, सहवास तोच, पिसू तेवढी वगळली आणि रोग थांबला. आपल्या भाषेत हा अन्वय आणि हा व्यतिरेक. पिसू आहे तर रोग आहे, पिसू नाही तर रोग नाही.

सिमाँवर पुष्कळ वर्षं कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत हेच काम मोठ्या प्रमाणावर पुन्हा केलं. त्यातला एक प्रयोग आम्हाला फार आवडतो. प्लेगची बाधा असलेल्या जागेत गिनिपिगचे पिंजरे ठेवले. एक जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. दोन इंचांवरच्या जनावरांना प्लेग झाला, दोन फुटांवरच्यांना झाला नाही. हवा दोन फूट वर जात नाही का? जाते. पिसवेची उडी मात्र काही इंचांचीच असते. दुसऱ्या काही प्रयोगांत पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा पसरला, किंवा पिंजरा पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीत ठेवला. पिसवा अडल्या की रोगही अडला.

आता यातले 'चल' पाहू. चल म्हणजे बदलू शकणारी गोष्ट. आपण हाताने बदलतो तो स्वतंत्र चल: इथे पिंजऱ्याची उंची, किंवा जाळी आहे की नाही. परिणाम म्हणून मोजतो तो अवलंबी चल: गिनिपिगला प्लेग झाला की नाही. आणि जे मुद्दाम सारखं ठेवतो ते नियंत्रित चल: जागा तीच, हवा तीच, जनावर त्याच जातीचं. नावं परीक्षेत विचारतात म्हणून महत्त्वाची नाहीत. स्वतंत्र चल बदलताना बाकीचं सारखं ठेवलं, तरच परिणामातल्या फरकाचं श्रेय कुणाला द्यायचं ते ठरतं. जाळीचा पिंजरा एका घरात आणि उघडा पिंजरा दुसऱ्या घरात ठेवला असता, तर दोष पिसवेचा की घराचा, हे कळलं नसतं.

गिनिपिगचं ठीक आहे. माणसांचं काय? त्यासाठी आपण त्याच शहरात लसीची गोष्ट पाहू.

वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या ज्या कैद्यांची तयारी होती त्यांना लस टोचली. साधारण दीडशे जणांनी घेतली, पावणेदोनशेच्या आसपास लोकांनी घेतली नाही. नंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ आजारी पडले, दोघेही वाचले.

पहिली शंका काकतालीय न्यायाची. हा योगायोग असेल का? इथे संभाव्यता मदतीला येते. समजा लस निव्वळ पाणी आहे. मग आजारी पडलेले १४ जण कोणत्या गटात पडावेत हे जवळपास नाणेफेकीसारखं होईल. नाणं १४ वेळा उडवलं तर छापा दोन किंवा त्याहून कमी वेळा येण्याची शक्यता किती? एकूण १६,३८४ प्रकारे निकाल लागू शकतो, त्यात असे प्रकार १०६. म्हणजे सुमारे १५५ मध्ये एकदा. दोन्ही गट अगदी सारखे नव्हते, ते हिशोबात घेतलं तर ही शक्यता सत्तरात एकदाच्या जवळ जाते. योगायोग अशक्य नाही, पण त्यावर पैज कुणी लावणार नाही.

इथे बरेच लोक थांबतात, आणि इथेच थांबता कामा नये. संभाव्यतेने फक्त एक शंका कमी केली, योगायोगाची. उपाधीची शंका आहे तशीच आहे. लस कुणी घेतली? ज्यांची तयारी होती त्यांनी. पुढे येणारे कदाचित जास्त धडधाकट असतील, कदाचित तुरुंगाच्या बऱ्या भागात राहत असतील. तसं असेल तर ते लसीविनाही कमी आजारी पडले असते. आकडा कितीही दुर्मीळ निघू द्या, तो हे सांगू शकत नाही. योगायोग नाही एवढं कळलं म्हणजे कारण कळलं, असं होत नाही.

उत्तर गणितात नसतं, प्रयोगाच्या मांडणीत असतं. १८९८ च्या फेब्रुवारीत हाफकिन बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी गेले. तिथे त्यांनी घरोघरच्या माणसांना बोलावलं आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. छप्पर एक, चूल एक, पाणी एक, उंदीरही तेच! पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, त्यांत लस टोचलेली माणसं ७१ होती आणि न टोचलेली ६४. टोचलेल्यांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडले, आणि त्यातले २६ दगावले.

पुन्हा नाणं उडवू. एकूण मृत्यू २९. २९ वेळा उडवून छापा तीन किंवा त्याहून कमी येणं म्हणजे सुमारे एक लाख तीस हजारांत एकदा. एका घरातली लागण एकमेकांशी जोडलेली असते, त्यामुळे नाणेफेकीचा हा हिशोब तंतोतंत धरू नये. अंदाज मात्र येतो. आणि महत्त्वाचं हे की घर, गरिबी, वस्ती या उपाध्या आता दोन्ही बाजूंना सारख्याच झाल्या आहेत.

या आकड्यांमागची माणसं विसरू नका. त्या २६ जणांना लस मिळू शकत होती. कळण्यासाठी काहींना वगळायचं, हे योग्य की अयोग्य? लस चालते हे आधीच ठाऊक असतं, तर हा गुन्हा ठरला असता. ठाऊक नव्हतं, म्हणून प्रयोग. पण ठाऊक आहे आणि ठाऊक नाही यांच्यामधली रेषा कुठे मारायची, आणि त्या माणसांना कुणी विचारलं होतं का, हे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. त्यावर पुढे एक पूर्ण व्याख्यान होईल.

उंढेऱ्यातही एक फट राहतेच. एका घरातल्या कोणाला टोचायचं, हे माणूस ठरवत असेल, तर त्याच्या नकळत निवड होते. अशक्त म्हातारीला नको, तरण्याला दे. यावरचा उपाय रोनाल्ड फिशर यांनी पुढे शेतीच्या प्रयोगांतून पक्का केला आणि १९३५ च्या आपल्या ग्रंथात मांडला. एकाच वावरात एक कोपरा कसदार असतो, दुसरा मुरमाड. मग नवं खत कुठल्या तुकड्याला द्यायचं? चिठ्ठ्या टाका! चिठ्ठीला कस कळत नाही, ओळख कळत नाही, दया कळत नाही. त्यामुळे आपल्याला माहीत असलेल्याच नव्हे, माहीत नसलेल्या उपाध्याही दोन्ही बाजूंना साधारण सारख्या वाटल्या जातात. ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याच पद्धतीने झाली, तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आज नव्या औषधाकडून हीच परीक्षा मागितली जाते.

कारण चुकीचं ठरवलं तर काय होतं, हे हाफकिन यांच्याच वाट्याला आलं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ लोकांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे मेले. चौकशीत असं दिसलं की लस निर्जंतुक करण्याची पद्धत मुंबईच्या प्रयोगशाळेने बदलली होती, कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णता वापरली जात होती. पद्धत बदलली, मग माणसं मेली, तेव्हा पद्धतीमुळेच मेली! हाफकिन यांना पद गमवावं लागलं, पंजाबातली लसीकरणाची मोहीम थंडावली.

आता आपली हत्यारं लावून पाहा. ते १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काही झालं नाही. नवी पद्धत तर सरसकट वापरात होती. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे, ते फरकाचं कारण कसं होईल? शोधायला हवं होतं ते त्या एका बाटलीचं वेगळेपण. ते सापडलं: बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, आणि धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ही बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंध नव्हता. जंतू आधीपासून आत वाढत असते, तर तो आला असता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हे जाहीरपणे मांडलं, आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

शेवटचा मुद्दा. जिथे चिठ्ठ्या टाकता येत नाहीत तिथे काय करायचं? तुम्ही वीस वर्षं सिगारेट ओढा, तुम्ही ओढू नका, असं कुणाला सांगता येत नाही. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा शंका कुणी काढली? चिठ्ठ्यांचा आग्रह धरणाऱ्या फिशर यांनीच. ते म्हणाले, कदाचित एखादा आनुवंशिक गुण असेल, जो माणसाला सिगारेटकडेही नेतो आणि कर्करोगाकडेही. शंका अगदी नैयायिकाला शोभणारी.

तिला १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोग नऊपट असेल, आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या गुणामुळे असेल, तर तो गुणही धूम्रपान करणाऱ्यांत निदान नऊपट आढळला पाहिजे. असा गुण दाखवा! कुणी दाखवू शकलं नाही. यातली शिकवण लक्षात घ्या. 'तिसरं काहीतरी असेल' एवढं म्हणणं म्हणजे शंका नव्हे, पळवाट आहे. शंका घेणाऱ्यानेही आपल्या उपाधीचं नाव आणि आकार सांगायला हवा. सिगारेट कंपन्यांनी पुढे याच पळवाटेवर बरीच वर्षं काढली.

तेव्हा मोबाइलवर एखादा संदेश आला, की अमुक खाणाऱ्यांना तमुक होत नाही, तर चार प्रश्न विचारा. हा योगायोग असू शकेल का, एकूण किती जण पाहिले? दिशा उलटी असेल का, म्हणजे प्रकृती बरी म्हणूनच ते खाता येतं, असं तर नाही? खाणारे आणि न खाणारे इतर बाबतींत सारखे आहेत का? आणि कुणी ते मुद्दाम बदलून पाहिलं आहे का? चौथ्याचं उत्तर 'हो' असेल, तर आधीचे तीन पुष्कळसे सुटतात. 'नाही' असेल, तर त्या तिघांवर जास्त मेहनत घ्यावी लागते.

पुढच्या वेळी आपण डेव्हिड ह्यूम यांचा प्रश्न घेऊ: एवढे प्रयोग केले तरी आपल्याला कारण 'दिसतं' का, की अजूनही एकामागून एकच दिसतं? तोवर आजच्या विषयावरचे प्रश्न जरूर पाठवा.